नऊ नंबरचा ससा

सोमवारी सकाळी सरांनी शेवटची नळी तिच्या तळहातावर ठेवली. बर्फावर नाही, तळहातावर. हे ऐकून कुणाच्या अंगावर काटा येणार नाही याची मला कल्पना आहे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग काय डोक्यावर ठेवायची होती का. पण आमच्या प्रयोगशाळेत नळी नुसत्या हातात धरणं म्हणजे तान्ह्या मुलाला एका पायाला धरून उचलणं. हाताला ऊब असते आणि उबेनं आतला माल बिघडतो. हे मला सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात नळी दिसली तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं होतं, “अंडी उबवतोयस का?” तेव्हापासून चार वर्षं मी बर्फाची बादली घेऊन हिंडतोय. एकदा विसरून ती बादली घेऊन बसमध्ये चढलो, तर शेजारच्या माणसाने मासे कसे दिले म्हणून विचारलं. आणि सोमवारी त्याच सरांनी उणे ऐंशीच्या फ्रीजरचं दार उघडलं, वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली, त्यांनी चाचपडत एक एवढीशी नळी काढली आणि तिच्या उघड्या तळहातावर ठेवली. तिने बोटं मिटली. “सांभाळ,” सर म्हणाले. मी मागेच उभा होतो. बादलीत ताजा बर्फ होता. मला सर आजवर कधी सांभाळ म्हणाले नव्हते. मला म्हणायचे, सांडू नकोस.

ती म्हणजे आमच्याकडची सगळ्यात नवी मुलगी. येऊन आठ महिने झाले. सगळे तिला धाकटी म्हणतात, ती मला दादा म्हणते. मला बाकीचे ढगोबा म्हणतात, त्याचं कारण ओघात कळेलच. नळीत होतं दहा मायक्रोलिटर पिवळसर पाणी. एवढ्यात एका मुंगीची आंघोळ होते, तीही डोक्यावरून नाही. वीस वर्षांपूर्वी सरांनी स्वतः एका सशाला टोचून टोचून जे करून घेतलं, त्यातलं हे उरलेलं. नळीच्या अंगावर सरांच्या तेव्हाच्या बारीक अक्षरात ‘९’ लिहिलं होतं, कारण तो नऊ नंबरचा ससा होता. ससा कधीच गेला. त्याच्या रक्तातली अँटिबॉडी तेवढी मागे राहिली होती, आणि या जगात फक्त तिलाच आमचं ‘दीडशे’ ओळखता येतं.

दीडशे हे एका प्रथिनाचं आमच्याकडचं घरगुती नाव. कागदोपत्री त्याला डायनॅक्टिन म्हणतात, पण वजनाच्या मोजपट्टीवर ते दीडशेच्या खुणेपाशी येऊन थांबतं, म्हणून दीडशे. आपल्या प्रत्येक पेशीत बारीक रूळ असतात, त्यावरून एक हमाल कडेचा माल मधे ओढत आणतो, आणि तो माल हमालाच्या पाठीवर बांधायची दोरी म्हणजे हे दीडशे. दोरी तुटली की माल वाटेत पडून राहतो आणि मज्जापेशी हळूहळू वाळते. मी चार वर्षं या दोरीच्या मागे आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. पेशींचा रस काढायचा, त्यातली प्रथिनं वजनाप्रमाणे एका कागदासारख्या पट्टीवर उतरवायची, त्यावर अँटिबॉडी सोडायची. मग ती लाखाच्या गर्दीतून बरोबर दीडशेला जाऊन चिकटते आणि काळोख्या खोलीत फिल्म धुतली की तिथे एक काळी रेघ उमटते. एकच. निदान पुस्तकात एकच. माझ्या फिल्मवर ढग यायचे. काळे, पांढरे, कडेने पिंजलेले, मधूनच तीन-चार रेघा एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. मी फिल्म घेऊन बाहेर आलो की जनावरखान्याचे काका विचारायचे, “काय ढगोबा, आज पाऊस?”

आमचा लेख परत आला होता. परीक्षकांचं एकच मागणं होतं: दीडशेचं एक स्वच्छ चित्र, आणि ते तीनदा करून दाखवा. मुदत सहा आठवडे. सर म्हणाले होते, “ज्याचं चित्र, त्याचं पहिलं नाव.” लेखावर पहिलं नाव म्हणजे काय हे मी आईला समजावून सांगू शकलेलो नाही. लग्नपत्रिकेवर वराचं नाव असतं ना, तसं, असं म्हटलं, तर तिने विचारलं, मग तू चार वर्षं कोण आहेस? मी म्हटलं, मांडववाला. ती हसली नाही. तिला माझे विनोद कळत नाहीत, किंवा फार कळतात.

हेव्याची मला सवय आहे. मी सात वर्षांचा होतो, बहीण तीन. आई सकाळी ओट्यावर दुधाचे दोन पेले ठेवायची, एकाच मापाचे, एकाच घोटाचा फरक पडला तरी मी सांगू शकायचो. एका सकाळी तिने माझ्या पेल्यात चमचा चार वेळा फिरवला आणि बहिणीच्या पेल्यात अकरा वेळा. मी मोजलं. अकरा. साखर जास्त असल्याशिवाय कुणी अकरा वेळा ढवळत नाही, हे मला त्या वयातही कळत होतं. पुढे विज्ञानाकडे वळलो ते उगाच नाही. दारावर कुणी आलं म्हणून आई गेली आणि मी पेले बदलले. छातीत काहीतरी हलकं, गोडसर, थोडं गिळगिळीत हललं, आणि तीच गोष्ट सोमवारी धाकटीने बोटं मिटली तेव्हा बरगड्यांच्या मागे त्याच जागी, तशीच हलली. बावीस वर्षं ती तिथेच बसून होती. भाडं भरत नव्हती, आवाज करत नव्हती.

अँटिबॉडी आम्ही दुधात मिसळतो. यात कविता काही नाही. दुकानात मिळते ती दुधाची पावडर, पाच टक्के. दूध पट्टीवरच्या रिकाम्या जागा भरतं, म्हणजे अँटिबॉडी भलत्या ठिकाणी चिकटत नाही. धाकटीने सोमवारी दुपारी ते दहाच्या दहा मायक्रोलिटर दहा मिलीलिटर दुधात टाकले, मोठी नळी बंद केली आणि झाकणावर पेनाने सशाचे दोन कान काढले. कान. मी चार वर्षांत झाकणावर काही काढलं नव्हतं. मग तिने ती नळी फ्रीजच्या कप्प्यात ठेवली, आणि जागा नव्हती म्हणून माझी नळी जराशी सरकवली. ‘सॉरी दादा,’ असं ती मला नाही, नळीला म्हणाली. माझ्या नळीतही नऊ नंबरचीच अँटिबॉडी होती, चार वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला आलेली. दूध एकदा वापरलं की आम्ही टाकत नाही. परत नळीत ओततो, नळीवर एक रेघ मारतो आणि पुढच्या वेळी तेच वापरतो. माझ्या नळीवर सात रेघा होत्या. सात वेळा ढग. सातव्यानंतर मी तिला थकलेली म्हणून सोडून दिलं होतं, आणि फेकवत नाही म्हणून ठेवलं होतं, जसं लोक बंद पडलेलं घड्याळ ठेवतात.

मंगळवारी एक वाजता सगळे जेवायला गेले. धाकटी जाताना म्हणाली, “दादा, चला ना. मी जागा धरते.” मी म्हटलं, “भूक नाही.” ती म्हणाली, “तुम्हाला कधीच नसते. ढगांवर जगता की काय.” आणि गेली. मी फ्रीज उघडला. मला वाटलं होतं चोरी करताना माणूस चोरासारखा वागतो, इकडेतिकडे बघतो वगैरे. मी हातमोजे घातले. काम नीट व्हावं म्हणून नळ्या उभ्या ठेवायची रॅक आणली, तिसरी रिकामी नळी घेतली, तिचं दूध तिसरीत, माझं दूध तिच्या नळीत, तिसरीतलं माझ्या नळीत. तीन ओतण्या. प्रत्येक झाकण ज्याचं त्याला. कान जागच्या जागी. एकच गोष्ट खटकली: सात वेळा ओत-काढ करून माझं दूध थोडं कमी झालं होतं, दहाचं साडेआठ, आणि तिचं शुभ्र होतं तिथे माझं जरा पिवळट. पण दूध कोण मोजतं. आईने मोजलं होतं का? तिसरी नळी धुऊन टाकली. मग मला भूक लागली. इतकी की मी जाऊन तिने धरलेल्या जागेवर बसलो आणि तिच्या डब्यातलं अर्धं खाल्लं. “बघा, होती ना भूक,” ती म्हणाली. मी मान हलवली. अन्नाला चव होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण अशा वेळी अन्न तोंडात फिरतं असं म्हणतात. तसं काही होत नाही.

दुपारी आम्ही दोघांनी शेजारी-शेजारी आपापल्या पट्ट्या लावल्या, बुधवारी सकाळी काळोख्या खोलीत गेलो. तिथे फक्त लाल दिवा असतो आणि औषधांचा आंबूस वास. दोन माणसांना उभं राहायचं तर एकाने श्वास सोडल्यावर दुसऱ्याने घ्यायचा. मी मनातल्या मनात तिला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं होतं. मोठेपणाने म्हणायचं. होतं असं पहिल्यांदा. माझ्याही सात वेळा झालं. वाक्य तोंडात इतकं घोळवलं होतं की ते गोड लागायला लागलं होतं. तिची फिल्म ट्रेमध्ये आधी पडली. मिनिटभर काहीच नाही. मग दीडशेपाशी एक रेघ आली. बारीक, सरळ, दोन्ही टोकांना नीट संपणारी, भुवईसारखी. तिच्या वर काही नाही, खाली काही नाही. “दादा,” ती हळूच म्हणाली, “हे बरोबर आहे ना?” माझी फिल्म त्याच क्षणी काळी व्हायला लागली होती. दीडशेवर एक, एकशेवीसवर एक, नव्वदवर दोन, खाली पायऱ्या पायऱ्या, आणि सगळ्यावर पसरलेला, चार वर्षांचा ओळखीचा ढग. पूर्वीपेक्षा दाट. “बरोबर आहे,” मी म्हटलं. घोळवलेलं वाक्य गिळलं. लाल उजेडात माणसाचा चेहरा लाल दिसतो, ही त्या खोलीची एक सोय.

त्यानंतरचे काही दिवस मी फक्त पाहत होतो. ती नळी काढायची, पट्टीवर ओतायची, परत नळीत घालायची, आणि दर वेळी तीच रेघ. सर तिच्या फिल्म उजेडाकडे धरून कितीतरी वेळ उभे राहायचे. एकदा त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला, म्हणजे हवेतून. माझ्यावरून त्यांनी कधी हवेतूनही काही फिरवलं नव्हतं. मला वाटलं, हिच्या हातातच काही आहे. नळी तळहातावर घेतली तरी न बिघडणारं. मग मला अँटिबॉडीचाच हेवा वाटायला लागला. लाखाच्या गर्दीतून एकच ओळखायचं, त्यालाच धरायचं, बाकी कुणाकडे बघायचं नाही. असं मला आयुष्यात कुणी ओळखलं नव्हतं. बसमध्येसुद्धा लोक मला बघून दुसराच कुणी समजून हात करतात. आणि मी उलटा हात करतो.

काकांना मी विचारलं, नऊ नंबरचा ससा कसा होता. ते पिंजरे धूत होते. पाणी बंद न करता म्हणाले, “ससा कसला, मादी होती ती. महामाया. दिसेल त्याला चावायची. मला चावली, डॉक्टरला चावली, पिंजऱ्याच्या गजाला चावायची. एकट्या तुझ्या सरांना कधी नाही चावली.” “का?” “आता ते तिला विचारायचं राहिलं बघ.” परत येताना जिन्यावरच माझ्या डोक्यात काहीतरी बसलं. जी सगळ्यांना चावायची, तिच्या रक्तात काय एकट्या दीडशेचाच राग असणार? जे जे तिला आवडलं नाही, घाण, जंतू, भुसा, त्या सगळ्याविरुद्ध तिने काही ना काही तयार करून ठेवलं असणार, आणि ते सगळं ताज्या नळीत दीडशेच्या अँटिबॉडीबरोबर सुखाने नांदत असणार. मी कपाटातून माझ्या सातही जुन्या फिल्म काढल्या आणि उजेडाच्या काचेवर एका ओळीत मांडल्या. असं मी कधी केलं नव्हतं. नापासाचे कागद ओळीने कोण मांडतं? पहिलीवर नुसता अंधार. दुसरीवर जरा कमी. तिसरीवर कडा उजळलेल्या. चौथी, पाचवी, सहावी. सातवीवर तीन रेघा, त्यातल्या दोन फिकट, जाऊ का राहू करत असलेल्या. आठवीवर त्या गेल्या असत्या. माझ्या प्रत्येक पट्टीने थोडा कचरा टिपून घेतला होता आणि दूध दर वेळी थोडं अधिक निवळून नळीत परतलं होतं. मी चार वर्षं ढग काढत नव्हतो, ढग पुसत होतो. आणि पुसून लख्ख झालेली नळी मंगळवारी, हातमोजे घालून, एकही थेंब न सांडता, मी तिला दिली होती. सर म्हणायचे ना, सांडू नकोस.

आता ती रेघ माझी होती. पण माझी म्हणायची तर चोर म्हणवून घ्यावं लागणार होतं, आणि गप्प बसायचं तर पहिलं नाव तिचं. दोन दिवस मी हे दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. जिथे जास्त जळत होतं ते पारडं खाली जायचं, आणि दोन्हीकडे सारखंच जळत होतं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी बैठक होती. धाकटीने तीन फिल्म दाखवल्या, तीन रेघा. सर म्हणाले, “हे मला वीस वर्षांत जमलं नाही. काय वेगळं केलंस?” ती उभीच होती. म्हणाली, “सर, मी नाही. दादांनी.” तिने फिल्म टेबलावर ठेवल्या. “त्या मंगळवारी मी जेवून आले तर माझ्या नळीत पिवळट दूध होतं. आणि दहाचं साडेआठ झालेलं. मला कळलं लगेच.” खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं. मी हात टेबलावर ठेवले, जणू कुणी बेड्या घालायला येणार होतं. “दादांनी त्यांची मुरलेली नळी मला दिली, सर. आणि माझी कच्ची स्वतः घेतली. बोलले पण नाहीत. मला वाटलं बोललं तर त्यांना अवघड होईल, म्हणून मीही गप्प राहिले. पण पहिलं नाव मी एकटीने कसं घेऊ?”

सरांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे मी असे नुसते पाहिले, लहान आणि थोडे ओले. “चार वर्षं निवळलेली नळी,” ते म्हणाले, “अशी देऊन टाकलीस?”

“नाही सर,” मी म्हटलं. “चोरायला गेलो होतो. मला तिची हवी होती.”

सगळे हसले. काका चहाचे कप गोळा करायला आले होते, ते सगळ्यात जास्त हसले. एक कप पडता पडता वाचला. “सर, खरंच,” मी म्हटलं, “हातमोजे घालून चोरली,” आणि मग तर धाकटीने डोळे पुसले. चार वर्षं मी सरळ चेहऱ्याने विनोद करत आलोय. माझ्याकडे दुसरा चेहरा नाही. सर हसत हसत फळ्याकडे गेले, तिचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे माझं, आणि दोघांच्या डोक्यावर एकेक चांदणी काढली. दोघांचं काम समान, असा तिचा अर्थ. मी त्या चांदणीकडे पाहिलं. खडूची, एक पाय आखूड. मला ती हवी होती, इतकी की ती पुसण्यासाठी उठायला माझे पाय तयार झाले नाहीत. बाहेर आल्यावर धाकटीला गाठून म्हटलं, “अगं, मी खरंच चोरली.” ती म्हणाली, “बरं, चोरलीत. मग चोर आपली नळी जागेवर ठेवून जातो का, तीही झाकण घट्ट लावून?” युक्तिवाद चोख होता.

आईला फोन केला. चांदणीचं सांगितलं, नळीचं सांगितलं, चोरीचंही सांगितलं. ती म्हणाली, “तू लहानपणापासून असाच. चांगलं करायचं आणि वर तिरपं बोलायचं. बहिणीच्या दुधात मी जंतांचं औषध घातलं होतं, कडूजहर. तर तिला नको म्हणून तू पेला बदलून स्वतः प्यायलास. सात वर्षांचा होतास. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण एक शब्द बोलला नाहीस. मी दारातून पाहत होते. अजून सांगते मी सगळ्यांना.” मला ती चव आठवली, जिभेच्या मुळाशी, हिरवट. बहिणीचे जंत पुढे तसेच राहिले, तो भाग आई सांगत नाही. मी म्हटलं, “आई, मला वाटलं तिच्यात साखर जास्त आहे.” ती म्हणाली, “हो हो,” आणि कौतुकाने फोन ठेवला.

संध्याकाळी निघण्याआधी फ्रीज उघडला. तिची नळी जागेवर होती. झाकणावर दोन कान, आणि अंगावर आता नवी पट्टी चिकटवलेली, त्यावर तिच्या नीटस अक्षरात: ‘दादांची’. तेवढ्यात सर मागून आले, म्हणाले, “जरा बघू,” आणि त्यांनी ती उचलली, उजेडाकडे धरली, आणि मग कितीतरी वेळ नुसती तळहातावर ठेवून उभे राहिले. मी बादली पुढे केली. त्यांचं लक्ष नव्हतं. हा दादा कोण, कसा दिसतो, माझ्या खुर्चीवर बसतो का, त्याला माझा पोचे आलेला डबा चालतो का, मला काही कल्पना नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण आई त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगते, धाकटी त्याच्यासाठी जागा धरते, आणि सर त्याची नळी उघड्या तळहातावर घेतात. आणि बरगड्यांच्या मागे, त्याच जागी, ते गोडसर गिळगिळीत पुन्हा हललं.